पत्त्यांची वही संगणकाला सापडते कशी?

दिल्लीतील संसद मार्गावरच्या एखाद्या बँक कार्यालयात अधिकारी ई-मेल लिहायला बसतो. सहकाऱ्याच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरे टंकताच पूर्ण नाव, हुद्दा आणि शाखा पडद्यावर उमटते. हजारो कर्मचाऱ्यांची ही सूची त्याच्या संगणकात असतेच असे नाही. ती ‘निर्देशिका सर्व्हर’ नावाच्या मध्यवर्ती संगणकावर असते. मग ई-मेलच्या प्रोग्रॅमला हा सर्व्हर सापडतो कसा? प्रश्न तांत्रिक वाटला, तरी त्याच्या उत्तरावर पासवर्डची सुरक्षितता अवलंबून आहे.

निर्देशिकेची भाषा

संगणकीय निर्देशिकांसाठी १९८८ साली ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. ते फार अवजड असल्याने अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात टिम होव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे सुटसुटीत रूप घडवले. १९९३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला ‘एलडॅप’ म्हणतात. तिच्यासाठी सामान्यतः ३८९, तर सांकेतिक रूपातील सुरक्षित संवादासाठी ६३६ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते.

शोधाच्या तीन रीती

पहिली रीत सर्वांत साधी. सर्व्हरचे नाव, पोर्ट आणि शोधाची मर्यादा वापरकर्त्याने स्वतः भरायची. ‘थंडरबर्ड’सारख्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय आहे. मात्र सर्व्हर बदलला, की प्रत्येक संगणकावरील नोंद बदलावी लागते.

दुसऱ्या रीतीत संगणक ‘डीएनएस’ या नामसेवेला विचारतो, “या संस्थेची एलडॅप सेवा कोठे आहे?” उत्तरादाखल सर्व्हरची नावे, पोर्ट, प्राधान्य आणि भार यांची नोंद मिळते. ‘एसआरव्ही’ नावाच्या या नोंदींचे सध्याचे मानक फेब्रुवारी २००० मधील आहे. प्राधान्याचा आकडा जितका लहान, तितका तो सर्व्हर आधी. समान प्राधान्याच्या सर्व्हरमध्ये काम भाराच्या प्रमाणात वाटले जाते. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा हजर असतो.

तिसऱ्या रीतीत ‘आउटलुक’सारखा प्रोग्रॅम थेट टपाल सर्व्हरकडेच चौकशी करतो. पूर्वीचे एक्स्चेंज सर्व्हर त्याला योग्य निर्देशिकेकडे पाठवीत. २०१० च्या आवृत्तीपासून ते पत्त्यांची सेवा स्वतःच पुरवू लागले.

जवळचा सर्व्हर कोणता?

मोठ्या बँकेचे सर्व्हर अनेक शहरांत असतात. विंडोजच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’त संगणकाच्या आयपी पत्त्यावरून त्याचे ठिकाण ओळखले जाते. दिल्लीतील लॅपटॉप नोएडा किंवा गुरुग्रामच्या कार्यालयात जोडला, की त्याला तिथल्या जवळच्या सर्व्हरचे नाव कळवले जाते. परंतु नव्या कार्यालयाच्या आयपी पत्त्यांची नोंदच केलेली नसेल, तर गुरुग्रामचा संगणक मुंबईच्या सर्व्हरला विचारत बसण्याचा संभव असतो. नावे उशिरा उमटतात आणि दोष मात्र ‘लाइन मंद आहे’ म्हणून लाइनला दिला जातो.

चुकीच्या दारात पासवर्ड

आउटलुक २००७ पासून ‘ऑटोडिस्कव्हर’ ही सोय आली. ई-मेल पत्त्यातील ‘ॲट’ नंतरच्या भागावरून प्रोग्रॅम सर्व्हरचा ठावठिकाणा शोधतो. काही प्रोग्रॅम मात्र योग्य सर्व्हर न सापडल्यास शोध पुढे ढकलत संस्थेच्या कक्षेबाहेर जात आणि ‘ऑटोडिस्कव्हर डॉट इन’सारख्या परक्या पत्त्यावर पोहोचत. ‘गार्डिकोअर’ कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये असे काही पत्ते स्वतः नोंदवले. त्यांत भारताचा ‘डॉट इन’ही होता. १६ एप्रिल ते २५ ऑगस्ट या काळात त्यांच्याकडे विंडोजची ३,७२,०७२ प्रवेश-ओळखपत्रे आपोआप येऊन पडली. वापरकर्त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

बँकांसाठी बोध

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नामक्षेत्र ठरवून दिले आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. नवी दिल्लीस्थित ‘निक्सी’च्या अधिकारात ‘आयडीआरबीटी’ ही संस्था त्याची नोंदणी करते. ई-मेलचा पत्ता बदलला, की सर्व्हर शोधण्याच्या नोंदीही नव्या नावाने कराव्या लागतात. एखादी नोंद राहून गेली, तर प्रोग्रॅम वाट चुकू शकतो.

म्हणून ई-मेल प्रोग्रॅमने अचानक पासवर्ड मागितला किंवा सर्व्हरच्या प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर ‘होय’ म्हणून पुढे जाऊ नये. कर्मचाऱ्याने प्रथम संगणक विभागाला कळवावे आणि ग्राहकाने आपल्या ई-मेल सेवेकडे चौकशी करावी. पैसे मोजण्यापूर्वी समोरच्याची ओळख पटवून घेण्याची बँकेतील जुनी रीत पासवर्डलाही लागू पडते.