ठगांच्या वंशावळीपासून तुरुंगाच्या नियमापर्यंत

जबलपुरातल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागायची, तर निवड झाली म्हणून भागत नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद यावा लागतो. उमेदवाराच्या नावावर काही नोंद आहे का, एवढंच त्यात पाहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा कारखाना उभा राहिला. त्याच्या शंभर वर्षं आधी याच जबलपुरात नोंदीची वेगळीच तऱ्हा होती. माणसाने काय केलं याच्याही आधी तो कोणाच्या पोटी जन्मला, ते लिहून घेत.

नर्मदेकाठचा हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. मग इंग्रज आले आणि त्यांच्यासोबत विल्यम स्लीमन. १८२२ ते १८२४ तो नरसिंहपूरला कारभार पाहत होता. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेलीत, ठगांची टोळी राहते याचा त्याला पत्ताच नव्हता. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. वाटसरूंशी गोड बोलून सलगी करायची, संधी मिळताच रुमालाने गळा आवळायचा आणि प्रेत पुरून पुढच्या मुक्कामाला लागायचं, अशी ठगांची पद्धत. शेजारीपाजारी त्यांना शेतकरी किंवा शिपाई समजत.

स्लीमनने हाताशी धरले ते माफीचे साक्षीदार. त्यांच्या तोंडून त्याने ठगांची गुप्त बोली टिपली आणि कुटुंबाकुटुंबाच्या वंशावळी कागदावर उतरवल्या. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जण पकडले गेले. ४१२ फासावर गेले, ४८३ जणांनी सरकारच्या बाजूने साक्ष दिली, उरलेल्यांच्या वाट्याला काळं पाणी किंवा जन्मठेप आली. १८३६ च्या कायद्याने तर खून सिद्ध करण्याचीही गरज ठेवली नाही. ठगांच्या टोळीत असणं सिद्ध झालं की जन्मठेप. जबलपुरात उद्योगशाळा काढून साक्षीदारांना तंबू आणि गालिचे विणायला बसवलं. मुलांनी बापाचा धंदा धरू नये म्हणून त्यांनाही तिथेच ठेवलं.

या सगळ्यात फासाच्या दोरापेक्षा घातक ठरली ती वंशावळ.

ठग होते, त्यांनी माणसं मारली, यात शंका घ्यायचं कारण नाही. प्रश्न आहे तो कारणाचा. स्लीमनच्या लेखी ठगी हा देवीच्या नावाने चालणारा पिढीजात पंथ होता. स्ट्युअर्ट गॉर्डन या अभ्यासकाने १९६९ मध्ये माळव्यातल्या लुटारूंकडे पाहिलं, तेव्हा त्याला दिसली ती सत्तांची उलथापालथ आणि तिच्या आडोशाने चालणारी लूट. पेंढाऱ्यांचा बीमोड झाला, फौजा मोडल्या, हत्यार चालवण्यापलीकडे काही न येणारी माणसं रिकामी झाली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये अमेरिकेविषयी मांडलेली उपपत्ती इथेही बरीच लागू पडते: मिळवायचं काय ते समाज सांगतो, सरळ वाटा मात्र मोजक्यांनाच देतो, मग काहीजण वाकडी वाट धरतात.

इंग्रजी राज्याला मात्र रक्ताचं उत्तर सोयीचं वाटलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ठगांसाठी वापरलेला तर्क अख्ख्या जमातींना लावला, आणि १९११ मध्ये मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. सोलापुरात काटेरी कुंपणाची वसाहत झाली. शहराच्या त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. आत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर पडणं गुन्हा ठरे. कामाला गेलेला माणूस वेळेत परतला नाही की तो गुन्हेगार! कायद्याने आपलं भाकीत आपणच खरं करून घेतलं. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये लिहिलं की विचलन हा कृत्याचा अंगभूत गुण नसतो, लोक लावतात तो शिक्का असतो. सेटलमेंटमधल्या बायाबापड्यांना हे सांगायला शिकागोच्या विद्वानाची गरज नव्हती.

अर्थात शिक्क्याने सगळंच उलगडत नाही. कंदेलीच्या ठगांनी गळे आवळले ते शिक्का बसण्याच्या आधीच.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. जागा घेतली सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी. आतून बोलायला मराठीत आणखी तीन दशकं लागली: लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड घालण्याची सवय काही सुटली नाही.

नोंदवह्यांनाही घाई नव्हती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्या उघडल्या गेल्या. मध्य प्रदेशच्या १९८७ च्या नियमावलीत विमुक्त जमातीच्या कैद्याला सराईत गुन्हेगार मानण्याची मुभा निघाली. म्हणजे ज्या जबलपुरात स्लीमनने वंशावळी लिहिल्या, तिथल्या मध्यवर्ती कारागृहालाही ती लागू होती. ३ ऑक्टोबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि नियमावल्या दुरुस्त करायला राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.