ट्रॅक्टर येतो म्हणजे ट्रॉली येते असं नाही

डहाणू-तलासरी पट्ट्यात पावसाळा सरला की रस्त्यांवर ट्रॉल्या वाढतात. कुठे गवताचे भारे, कुठे विटा. ज्याला ट्रॅक्टर येतो त्याला ट्रॉली ओढणं येतंच, असं सगळे धरून चालतात. ते खरं नाही, आणि याचं उत्तर आधी ब्रेकपाशी शोधावं लागतं. नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून डाव्या-उजव्या चाकाचं पेडलही वेगळं असतं. रस्त्यावर येण्याआधी ही दोन पेडलं खिटीने एकत्र अडकवायची असतात. ते राहिलं आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी एका अंगाला ओढला जातो. त्यात अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. समजा, ट्रॅक्टर 2 टनांचा आणि भरलेली ट्रॉली 4 टनांची. ब्रेकचा जोर तेवढाच, थांबवायचं वजन तिप्पट. ट्रॉलीचा थोडा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते हे कबूल, पण थांबायला लागणारं अंतर कितीतरी पटींनी वाढतं ते वाढतंच. वेग 20 वरून 40 झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर आणखी चौपट.

उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, हा याच चुकीचा धाकटा भाऊ. गिअर काढला की इंजिनाने धरून ठेवायचं काम संपतं आणि मागचे 4 टन पुढच्याला ढकलू लागतात. अशा वेळी वळणावर जोरात ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही, आणि दोघं जोडापाशी दुमडतात. ज्या गिअरात चढ चढलो, निदान त्याच गिअरात उतरायचं, आणि तो उतार सुरू होण्याआधीच टाकायचा.

भार मागे सरकवला की ट्रॅक्टरला हलकं जातं, असंही मानतात. दुचाकी ट्रॉलीत आसाच्या मागे वजन गेलं की ड्रॉबार वर उचलला जातो आणि ओढणाऱ्या चाकांचीच पकड सुटते. सगळा भार पुढे रचला, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. मोटारीमागे कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांचंही गणित हेच आहे. म्हणून ब्रिटनमध्ये तिच्या वजनाचा साधारण 5 ते 7 टक्के भार जोडावर यावा असं सांगतात, अमेरिकेत 10 ते 15 टक्के. मागचा ट्रेलर डोलू लागला की वेग वाढवून तो सरळ होतो, हा तिकडचा समज. उलट त्याने डोलणं वाढतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा आणि स्टिअरिंगशी झटापट करायची नाही, एवढंच हातात असतं.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला, ‘इतकी वर्षं चालवतोय, काही झालं नाही.’ पाड्यांच्या रस्त्यांवर वेग कमी असतो, तो बरंच सांभाळून घेतो. पण चारोटी किंवा तलासरीला राष्ट्रीय महामार्ग 48 वर चढलं की ही सवय उपयोगी पडत नाही. परवान्याचा आधारही अपुराच. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवण्याची मुभा कायम ठेवली. न्यायालयाने मुभा दिली, थांबायचं अंतर कमी केलेलं नाही. दुसरा आक्षेप, ‘हळू चालवलं की झालं.’ हा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. महामार्गावर ताशी 80 ने येणाऱ्या मोटारीला 20 ने जाणारी ट्रॉली सेकंदाला सुमारे 17 मीटरने जवळ येताना दिसते. अंधारात ती 100 मीटरवर दिसली, तर चालकाच्या हाती जेमतेम सहा सेकंद. उंच रचलेल्या गवताने ट्रॅक्टरचे मागचे दिवे झाकले गेले असतील, तर ती 100 मीटरवरून दिसणारही नाही. ट्रॉलीच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि ट्रॅक्टरच्या सॉकेटवरून वायर ओढून लावलेला दिवा, हा खर्च एका फेरीच्या डिझेलपेक्षा फारसा जास्त येत नाही.