खाते कोणाच्या नावावर?

टोरांटो : कॅनडासारख्या संपन्न देशात दिव्यांग व्यक्तीचा जन्मभराचा भार सरकार उचलते आणि त्यामुळे तेथील आईवडील निश्चिंत असतात, हा महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत रुजलेला समज वस्तुस्थितीला धरून नाही. ऑन्टारिओ प्रांतात काम करू न शकणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला मिळणारे प्रांतिक साहाय्य महिन्याला १,४०० डॉलरच्या आसपास आहे, आणि टोरांटोत तेवढ्या रकमेत एका खोलीचे घरभाडेही भागत नाही. केंद्र सरकारने बऱ्याच प्रतीक्षेनंतर जुलै २०२५ पासून सुरू केलेला दिव्यांग भत्ता तर सुरुवातीला महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर इतकाच होता. म्हणजे ‘आमच्यानंतर याचं कसं होणार?’ हा प्रश्न पुण्याच्या सदाशिव पेठेत जितका रात्री जागवतो, तितकाच तो टोरांटोच्या उपनगरातही जागवतो. मात्र या प्रश्नाला तेथे जे उत्तर शोधले गेले, ते महाराष्ट्राने बारकाईने पाहावे असे आहे.

ते उत्तर प्रथम अर्थखात्याने शोधलेले नव्हते. वृद्ध होत चाललेल्या पालकांनी व्हँकुव्हर परिसरात १९८९ मध्ये ‘प्लॅन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी केली, मुलांसाठी साठवलेल्या पैशाला कायद्याने वेगळे स्थान मिळावे अशी मागणी तिने लावून धरली, आणि पुढे अर्थमंत्री झालेल्या जिम फ्लाहर्टी यांना स्वतःच्या दिव्यांग मुलामुळे त्या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. २००७ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २००८ च्या अखेरीस बँकांतून खाती उघडू लागली. ही नोंदणीकृत दिव्यांग बचत योजना ‘आरडीएसपी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. दिव्यांग व्यक्ती हीच तिची लाभार्थी असते. तिच्या हयातीत एकूण दोन लाख डॉलरपर्यंत रक्कम भरता येते, ती आईवडिलांनीच भरली पाहिजे असे नाही, खातेधारकाच्या संमतीने आजी, मामा किंवा शेजारीही भरू शकतात. आणि भरलेल्या रकमेवर सरकार स्वतःचे अनुदान घालते. साधारण एक लाख डॉलरहून थोडी अधिक अशी एक उत्पन्नमर्यादा दरवर्षी ठरते. तिच्या आतील कुटुंबाने वर्षाला १,५०० डॉलर भरले तर सरकार ३,५०० डॉलर घालते. अनुदानाची आजीवन मर्यादा ७०,००० डॉलर आहे, म्हणजे वीस वर्षांत ३०,००० डॉलर भरणाऱ्या घराला ती पुरती गाठता येते. ज्या घराला काहीच भरणे शक्य नाही, त्याच्याही खात्यात उत्पन्न पुरेसे कमी असल्यास वर्षाला १,००० डॉलर आणि एकूण २०,००० डॉलरपर्यंत रक्कम सरकार जमा करते.

या आकड्यांपेक्षा अधिक लक्षणीय असा एक नियम आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. दिव्यांग व्यक्तीला एकोणीस वर्षे पूर्ण होतात त्या वर्षापासून अनुदान ठरवताना आईवडिलांचे उत्पन्न हिशेबातून वगळले जाते आणि तिचे स्वतःचे, विवाह झाला असल्यास जोडीदारासह, उत्पन्न धरले जाते. सुस्थितीतील अभियंत्याची मुलगीही त्या वर्षापासून कमी उत्पन्नाची स्वतंत्र नागरिक मानली जाते आणि तिला अधिक अनुदान मिळते. आर्थिक नियोजनाच्या एका तांत्रिक कलमातून राज्यसंस्था येथे असे मान्य करते की प्रौढ दिव्यांग व्यक्ती ही कोणाच्या तरी पदरी असलेली जबाबदारी नसून तिचा तिचा एक वेगळा हिशेब आहे.

भारतात हा हिशेब नेमका उलट मांडला गेला आहे, आणि येथे तुलना करताना संयम राखणे कठीण जाते. आयकर कायद्याच्या कलम ८०डीडीनुसार दिव्यांग अवलंबिताच्या पालनपोषणासाठी जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकाला ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. परंतु ही सवलत कर भरणाऱ्या पालकाची आहे, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्या शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलाच्या वाट्याला तिच्यातून काहीही येत नाही. त्याहून क्लेशदायक बाब अशी की, या कलमाखालील विमा योजनेचे पैसे मुलाला मिळण्यासाठी पालकाचा मृत्यू व्हावा लागे. आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन आधार’ या पॉलिसीच्या संदर्भात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पालक दीर्घायुषी ठरला, त्याची नोकरी संपली, मुलाचा खर्च मात्र वाढत राहिला, तर त्या मुलाने आपल्यासाठीच घेतलेल्या पॉलिसीच्या लाभासाठी वडिलांच्या मरणाची वाट पाहायची काय, असा त्या याचिकेचा आशय होता. जानेवारी २०१९ मध्ये रवी अग्रवाल खटल्याचा निकाल देताना न्यायालयाने तरतूद रद्द केली नाही, पण सरकारने तिचा फेरविचार करावा असे सुचवले. आणि तो फेरविचार २०२२ च्या वित्त कायद्यात उतरला, ज्यामुळे पालक साठीचा झाल्यावर त्याच्या हयातीतही रक्कम मिळू शकते. एवढ्या साध्या शहाणपणाला इतकी वर्षे लागावीत याची खंत वाटते, कारण आपल्याकडे बुद्धीची, कायदेपंडितांची किंवा मायेच्या माणसांची वाण कधीच नव्हती.

कॅनडालाही हे शहाणपण उपजत सुचलेले नाही. ऑन्टारिओतील लेनर्ड हेन्सन यांनी ऑड्री या आपल्या दिव्यांग मुलीसाठी मृत्युपत्राने एक न्यास केला, म्हणजे तिच्या हितासाठी पैसा विश्वस्तांच्या हाती सोपवला. त्यांच्या पश्चात प्रांतिक खात्याने हा पैसा मुलीचाच आहे असे धरून तिचे मासिक साहाय्य बंद केले, आणि प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेले. पैसा द्यायचा की नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार विश्वस्तांना असल्याने तो मुलीची मालमत्ता ठरत नाही, असा निर्णय १९८९ मध्ये कायम झाला, आणि तेव्हापासून असा न्यास ‘हेन्सन ट्रस्ट’ म्हणून ओळखला जातो. बापाने चार पैसे ठेवले म्हणून मुलीचा हक्क हिरावला जाऊ नये, हे तत्त्व पुढे बचत योजनेलाही लाभले. ऑन्टारिओत तिच्यातील रक्कम साहाय्याची पात्रता ठरवताना मोजली जात नाही. आपल्याकडील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या उत्पन्नमर्यादेत बसण्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालणाऱ्या कुटुंबांना या एका तत्त्वाचे मोल वेगळे सांगायला नको.

सरकार आणि न्यायालये यांच्याबरोबर उद्योगसंस्थांचाही भाग कॅनडात दोन ठिकाणी येतो. एक तर ही योजना सरकारी खिडकीवर नव्हे तर बँकांमार्फत चालते. दुसरे असे की २०१९ च्या सुगम्यता कायद्याखाली बँका, दूरसंचार आणि वाहतूक यांसारख्या केंद्राच्या अखत्यारीतील कंपन्यांना आपल्या कारभारातील अडथळे दूर करण्याचा आराखडा दिव्यांग व्यक्तींशी सल्लामसलत करून तयार करावा लागतो व प्रसिद्ध करावा लागतो, आणि कायदा मोडल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. भारतात कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, हे कॅनडात नाही आणि त्याचा अभिमान बाळगावा. परंतु हा पैसा वर्षाच्या हिशेबात संपतो, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नसल्याने कारखान्यातील फिटरच्या स्वमग्न मुलाचा विचार त्या निधीतून होत नाही. खासगी नोकऱ्यांत पाच टक्के दिव्यांग असावेत यासाठी भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मालकांना केवळ प्रोत्साहन देण्याचे म्हटले आहे. नोकरी लागलेल्या दिव्यांग कामगाराला आणि दिव्यांग मूल असलेल्या कामगाराला बचत, वारसनोंद, न्यास आणि कायदेशीर पालकत्व यांविषयी जाणता सल्ला कंपनीने मिळवून द्यावा, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. पिंपरी-चिंचवड किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्याने उद्या ठरवले तर उद्या होण्यासारखे ते काम आहे.

कॅनडाच्या योजनेतील काच मात्र झाकण्यात अर्थ नाही. खात्यातून एक डॉलर काढला की गेल्या दहा वर्षांत मिळालेल्या सरकारी रकमेपैकी तीन डॉलर परत करावे लागतात. अनुदान एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मिळत असल्याने अडचणीच्या वेळी तो पैसा जवळपास साठीपर्यंत हाताशी नसतोच, आणि ज्यांचे आयुर्मान आजारामुळेच कमी आहे त्यांच्यासाठीची सवलत वैद्यकीय दाखल्यावर अवलंबून आहे. स्वतः करार करण्याची क्षमता नाही असे मानल्या गेलेल्या प्रौढांसाठी कुटुंबीयांनी खाते उघडण्याची तरतूद २०१२ पासून तात्पुरतीच राहिली असून तिची मुदत आता २०२६ च्या अखेरीपर्यंत आहे. या बाबतीत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालक नेमण्याचे काम सोपवून भारताने निदान चार प्रकारच्या दिव्यांगत्वांपुरता कायमचा मार्ग आखला आहे.

सर्वांत बोचणारी विसंगती कॅनडाच्या उंबरठ्यावर आहे. स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबातील एखाद्याच्या आजारपणाचा किंवा दिव्यांगत्वाचा सरकारी सेवांवर फार भार पडेल, असे ठरले तर संपूर्ण कुटुंबाचा अर्ज नाकारता येतो. यॉर्क विद्यापीठातील एका प्राध्यापकाचा अर्ज मुलाला डाउन सिंड्रोम असल्यामुळे नाकारला गेला, तेव्हा २०१६ मध्ये देशभर संताप उसळला आणि मग परवानगी मिळाली. २०१८ मध्ये खर्चाची मर्यादा तिप्पट केली गेली व विशेष शिक्षणाचा खर्च मोजणे थांबले, तरी नियम कायम आहे. हा उंबरठा ओलांडून दिव्यांग मुलासह ऑन्टारिओत आलेल्या मराठी कुटुंबाने घर आणि गाडी यांच्याही आधी करखात्याच्या दिव्यांग सवलतीचा अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा, कारण त्या प्रमाणपत्राशिवाय खाते उघडत नाही, आणि मागील दहा वर्षांपर्यंतचे न घेतलेले अनुदान नंतर मिळत असले, तरी ते मूल कॅनडाचे रहिवासी आणि त्या सवलतीस पात्र होते तेवढ्याच वर्षांचे मिळते.