माळ्यावरचा स्टोव्ह

जुने रेडिओ, कोळशाच्या इस्त्र्या, पितळी स्टोव्ह जमवणाऱ्यांना 'हे कशासाठी?' असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तर येतं, 'आमच्या घरी होता.' मोडीत निघालेली वस्तू घासूनपुसून ठेवावीशी का वाटते? स्टोव्हचंच उदाहरण घेऊ.

१८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी बनवलेल्या प्रायमस स्टोव्हला वात नाही. पंप मारला की टाकीतल्या हवेचा दाब वाढतो आणि रॉकेल नळीतून वर ढकललं जातं. तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. ती बारीक छिद्रातून जोरात बाहेर पडताना भोवतालची हवा ओढून घेते. हवा भरपूर मिसळल्यामुळे ज्योत निळी असते, काजळी फारशी धरत नाही. हीच ज्योत पुढे बर्नर तापता ठेवते. पण सुरुवातीची उष्णता कुठून आणायची? त्यासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा. छिद्र तुंबलं की पिन मारायची. स्पिरिटचा वास, पंपाचा ठेका, मग फरफर आवाज. शेजारी बसलेलं मूल हे सगळं रोज पाहत असे.

आता मेंदूकडे वळू. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस या केंद्रात जातात, मग मेंदूच्या बाह्यकात. वासाचे संदेश मात्र हा थांबा न घेताच भावनांशी संबंधित अमिग्डलापर्यंत पोचतात. स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पसही तिथून जवळच. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी पुष्कळदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं प्रयोगांत आढळलं आहे.

पण आठवण म्हणजे फोटो नव्हे. दर वेळी मेंदू ती नव्याने जुळवतो, आणि ती असते पाहणाऱ्याची. पंप मारणाऱ्या आईची आठवण वेगळी असू शकते. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बायकांच्या बातम्या एकेकाळी वर्तमानपत्रांत वरचेवर येत; त्यांतले काही अपघात नव्हतेच. कपाटातला चकचकीत स्टोव्ह हे सांगत नाही.

म्हणून वस्तूबरोबर तिची हकिगतही जमवायला हवी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा साध्या वस्तू जपल्या आहेत. शाळेतही हे छोट्या प्रमाणावर जमेल. मुलांना घरातल्या एका जुन्या उपकरणाबद्दल आजी-आजोबांना विचारायला सांगा: ते कोण वापरी? कसं चाले? त्रास कशाचा होई? दुरुस्त कोण करी? एकाच वस्तूबद्दल आजी आणि आजोबा काय वेगळं सांगतात, ते वहीत शेजारी शेजारी लिहू द्या.

स्टोव्ह वर्गात आणलात तर रिकामाच आणा आणि पेटवू नका. काकड्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो घरीच ठेवा. पंपाचा चामडी वायसर तेवढा काढून दाखवा. सायकलच्या पंपाशी त्याचं नातं मुलं स्वतःच ओळखतील.