मुलाची वर्षं कुणाच्या खात्यात?

माझा तीन वर्षांचा नातू सध्या चार भाषा ऐकत मोठा होतोय. घरात आमची हिंदुस्तानी, गल्लीत लेवा बोली, अंगणवाडीत पुस्तकातली मराठी आणि रात्री जेवणं झाली की त्याच्या आईची जर्मन. माझी मुलगी भुसावळच्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहे. सासर गावातच, सावद्यालाच. रात्री ती मुलाला घेऊन आमच्याकडे येते आणि मोबाइल समोर ठेवून जर्मनचा वर्ग करते. जर्मनीत परिचारिकांना मागणी आहे, असं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं आणि तिच्या डोक्यात ते बसलं. मी एकदा विचारलं, ‘बेटा, इथं काय कमी आहे?’ ती म्हणाली, ‘अब्बा, माझ्यासाठी नाही, याच्यासाठी जायचंय.’

हे वाक्य मी ओळखलं. २००१ साली मीच ते बोललो होतो आणि तेव्हा ही मुलगी चार वर्षांची होती.

मी तेव्हा एका पतसंस्थेत कारकून होतो. बी. ए. झालेला, कविता करणारा, पगार बेताचा. आमच्या सावद्याच्या स्टेशनातून केळी दिल्लीला जातात. मी बायकोला गमतीनं म्हणायचो, ‘आपल्या गावचा घड दिल्ली बघतो आणि आपण भुसावळच्या पुढे सरकत नाही.’ धाकटा भाऊ १९९९ मध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून सौदी अरेबियात, रियाधला गेला होता. त्यानं कळवलं, ‘भाईजान, गोदामात कारकुनाची जागा आहे, या.’ झालं! माझ्या डोळ्यांसमोर मुलीची शाळा उभी राहिली. दारात येणारी गाडी, पांढरे मोजे, इंग्रजी पुस्तकं. मुंबईच्या एका एजंटाला पैसेही भरले.

कराराचा कागद आला. इंग्रजीत होता, म्हणून मी बायकोला वाचून दाखवला. ती सातवीपर्यंत शिकलेली. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, ‘यात पोरीचं नाव कुठंय?’

मी पुन्हा वाचलं. नाव नव्हतं. एका ओळीत ‘बॅचलर स्टेटस’ असे दोन शब्द होते. लग्न झालेल्या माणसाला बॅचलर कसं म्हणतात, याचं मला हसू आलं होतं. त्याचा अर्थ नंतर कळला. एकट्या पुरुषासाठी नोकरी, एका खोलीत पाच-सहा जणांची सोय आणि कुटुंब आणायची परवानगी नाही. ज्या मुलीसाठी मी निघालो होतो, तिला त्या कागदात जागाच नव्हती. मी गेलो नाही. एजंटाकडचे पैसे परत आले नाहीत, ती फी समजून सोडून दिले.

आयुष्यभर पासबुकं भरणाऱ्या माणसाला हिशेबाचीच भाषा येते, म्हणून त्या भाषेत सांगतो. मूल घेऊन परदेशी जाणाऱ्यानं पगार विचारावा, घर विचारावं, शाळा विचारावी. पण त्याआधी एक विचारावं. त्या देशात माझ्या मुलाची वर्षं जमा होतात का? म्हणजे मूल तिथं दहा वर्षं राहिलं, तर त्या राहण्यानं त्याचा काही हक्क तयार होतो, की अकराव्या वर्षीही ते पहिल्या दिवसासारखंच पाहुणं असतं?

आखाती देशांचं उत्तर साधारणपणे ‘जमा होत नाहीत’ असं आहे. तिथं परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना, सौदीत ज्याला इकामा म्हणतात, तो नोकरीला बांधलेला असतो. बायकामुलांचा परवाना त्या माणसाच्या परवान्याला बांधलेला. नोकरी सुटली की सगळी दोरी एकदम सुटते. तिथं जन्मलं म्हणून परदेशी आईबापांच्या मुलाला नागरिकत्व मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ मध्ये मुलगे पंचवीस वर्षांचे होईपर्यंत बापाच्या परवान्यावर राहू शकतील, अशी सवलत दिली. ही मुदत आधी अठराची होती. सवलत चांगलीच, पण ती मुदतवाढ आहे, मालकी नव्हे.

माझ्या भावाचं पुढे बरं चाललं. तो सुपरवायझर झाला, २००४ मध्ये त्यानं कुटुंब नेलं. २००६ मध्ये रियाधला त्याला मुलगी झाली. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत आपल्या दूतावासात करावी लागते, तरच त्याचं भारतीय नागरिकत्व सुरळीत राहतं. २००४ च्या डिसेंबरपासूनचा हा नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. भावानं तो पाळला. मुलगी तिथल्या भारतीय शाळेत जाऊ लागली. खरं सांगतो, तिचे फोटो आले की मला स्वतःचा राग यायचा. आपण त्या दोन शब्दांना घाबरलो, असं वाटायचं.

मग १ जुलै २०१७ रोजी सौदी सरकारनं परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर कर बसवला. माणशी महिन्याला १०० रियाल आणि दर जुलैत त्यात शंभरची वाढ, २०२० मध्ये ४०० होईपर्यंत. परवान्याचं नूतनीकरण करताना तो आगाऊ भरायचा. भावाची बायको आणि दोन मुलं मिळून तिघं. २०१८ च्या दरानं महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रियाल, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वा लाख रुपयांहून जास्त. पुढे ते दुप्पट होणार, हे दिसतच होतं. अशा हिशेबानं त्या काळात कितीतरी भारतीय कुटुंबांनी बायकामुलांना मायदेशी पाठवलं. माझ्या भावानंही २०१८ च्या जून महिन्यात पाठवलं.

पुतणी बारा वर्षांची होती. हिंदीमुळे तिला मराठी अक्षरं वाचता यायची, अर्थ मात्र लागायचा नाही. इथल्या शाळेत पहिल्या दिवशी तिला गाव विचारलं, तर तिनं रियाध सांगितलं. वर्ग हसला. महिनाभरानं तिनं मला विचारलं, ‘बडे अब्बा, आम्ही घरी कधी जाणार?’ तिचं घर ते होतं आणि त्या देशाच्या दप्तरात तिचं नाव एका कामगाराची अवलंबित म्हणून होतं. बारा वर्षं भरली आणि खात्यात शिल्लक शून्य! आता ती एकोणीस वर्षांची आहे, फार्मसी शिकते, मराठीत माझ्याशी वाद घालते. तिचं वाईट झालं नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

हे फक्त आखातातच आहे, असं समजू नका. अमेरिकेत एच-वन-बी परवान्यावर गेलेल्या इंजिनिअरची मुलं एच-फोर या परवान्यावर राहतात. कायम वास्तव्याचं ग्रीन कार्ड मिळालं की प्रश्न मिटतो. पण नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार निघतात आणि कुठल्याही एका देशाच्या लोकांना त्यांतली सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. भारतातून जाणारे पुष्कळ, म्हणून आपली रांग दशकानुदशकं लांब. इकडे मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईबापांच्या परवान्यावरून उतरतं. २००२ मध्ये तिथं वय मोजण्याबाबत थोडा दिलासा देणारा कायदा झाला, तरी तो सगळ्यांना पुरत नाही. दोन वर्षांचं असताना नेलेलं, तिथंच शिकलेलं मूल एकविसाव्या वर्षी स्वतःसाठी वेगळा परवाना शोधतं, नाहीतर परत येतं.

कॅनडाची रीत वेगळी. तिथं कायम वास्तव्याचा अर्ज मंजूर झाला, तर नवरा-बायकोबरोबर बावीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांनाही तोच हक्क मिळतो. पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथं राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. म्हणजे तिथं दिवससुद्धा जमा होतात. मात्र तिथं शिक्षणासाठी किंवा तात्पुरत्या कामासाठी जाणं ही वेगळी गोष्ट आहे. देश एक असला, तरी कागद बदलला की खातं बदलतं.

जर्मनीत २७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली आहे. भाषा, स्वतःचं उत्पन्न वगैरे अटी आहेतच. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून तिथल्या कायद्यात आहे आणि सरकारी शाळेला फी नाही. पण परिचारिकेला आधी आपल्या पदवीची तिथली मान्यता मिळवावी लागते. तोपर्यंत ती मदतनीस म्हणून काम करते, पगार कमी असतो. घर आणि उत्पन्न पुरेसं असल्याचं दाखवल्यावर कुटुंब बोलावता येतं. त्यामुळे कित्येक आया आधी एकट्याच जातात.

आता खात्याची दुसरी बाजू. तिथं जमा झालं, की इथं वजा होतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मग ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या केळीच्या मुलखात ही लहान गोष्ट नाही. आईबापांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, तर अज्ञान मुलाचंही जातं. ते परत हवं असेल, तर मुलानं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत तसं जाहीर करायचं असतं. मुलासाठी आपण केवढा मोठा निर्णय घेतो, बघा, आणि त्याला विचारायची सोयही नसते.

आणि खातं भरलं म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली लोक, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे, १९४८ नंतर मुलाबाळांसह इस्रायलला गेले. १९५० च्या कायद्यानं ज्यू माणसाला तिथं येऊन स्थायिक होण्याचा हक्क होता. यापेक्षा पक्का कागद कुठला असणार? तरीही पहिल्या काही वर्षांत वागणुकीला कंटाळून काही कुटुंबांनी ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून धरणं धरलं. पुढे तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यूपणावर, मुलांच्या लग्नांवर शंका घेतली, तेव्हा मोठं आंदोलन झालं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य केलं. ते लोक टिकले, रुजले, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी काढलं. पण शेजाऱ्यानं आपलं म्हणायला कागदानंतर आणखी बरीच वर्षं लागली.

मग जाऊ नये का? मी तसं म्हणणार नाही. आमच्याकडे केळीचं पील दुसरीकडे लावायचं असेल, तर कंदासकट काढतात. वरचं हिरवं पान बघून कुणी ओढून काढत नाही. तेवढीच काळजी घ्यावी, एवढंच म्हणणं आहे. कागदात मुलाचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर ते कधी आणि कुठल्या अटीवर येणार, हे लिहून घ्या. नोकरी गेली तर मुलाला किती दिवस राहता येईल, अठराव्या आणि एकविसाव्या वर्षी त्याचं काय होईल, हे विचारा. परतावं लागलं, तर कुठल्या भाषेच्या शाळेत बसेल, याचा विचार करून मराठी घरात चालू ठेवा. एजंटाचा सरकारी नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. हे मला २००१ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुलीला एका जर्मन रुग्णालयाकडून कराराचा मसुदा आला. आम्ही सगळे दिव्याखाली बसलो. तिनं एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. पगार, कामाचे तास, खोली, भाषेची परीक्षा. नातू माझ्या मांडीवर झोपला होता. वाचून संपलं, तेव्हा बायकोनं चोवीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारला, ‘यात पोराचं नाव कुठंय?’

नाव नव्हतं. मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं तिथंच मोबाइल उघडला आणि आपल्या शिकाऊ जर्मनमध्ये रुग्णालयाला विचारलं, ‘माझा तीन वर्षांचा मुलगा माझ्याकडे केव्हा येऊ शकेल, ते कृपया लेखी कळवा.’

उत्तर अजून यायचं आहे. ते आल्याशिवाय सही करायची नाही, असं तिनंच ठरवलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)