जगदीश्वराच्या शिलालेखांतील शकनिर्णय

रायगडीं जाणारा यात्रेकरू बहुधा जगदीश्वराचें दर्शन घेऊन पूर्वद्वारानें बाहेर पडतो व श्रीशिवछत्रपतींच्या समाधीपुढें मस्तक नमवून परततो. देवळाच्या भिंतींतील संस्कृत शिलालेखापुढें थोडेच थांबतात. समाधीशीं आम्हां रत्नागिरीकरांचें विशेष नातें आहे; येथें १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १८९५ पासून तिच्या जीर्णोद्धारार्थ निधीची चळवळ चालविली. पुढें १९२६ च्या सुमारास तो जीर्णोद्धार झाला. शिलालेख मात्र महाराजांच्या हयातींतला आहे, आणि हें लेखावरूनच सिद्ध करतां येतें.

लेखांत शक अंकांनीं न देतां शब्दांनीं दिला आहे. षट् म्हणजे ६, नव म्हणजे ९, बाण मदनाचे म्हणून ५, व भूमि म्हणजे १. एकदां विद्यार्थ्यांसह गेलों असतां एकानें वहींत ६९५१ लिहिलें व म्हणाला, “गुरुजी, हें साल अजून यावयाचें आहे!” अंकांची गति वामतः, हें त्यास तेथेंच सांगावें लागलें. त्याप्रमाणें शके १५९६ निघतो.

हें वाचन पारखण्याचें साधनहि लेखांतच आहे. संवत्सराचें नांव ‘आनंद’ दिलें आहे. शकांत १२ मिळवून ६० नें भागावें. १६०८ स भागिलें असतां बाकी ४८ उरते, आणि प्रभवापासून अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंदच होय. याच वर्षीं ज्येष्ठ शुद्ध १३ स, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, राज्याभिषेक झाला. सिंहासनाच्या उल्लेखापुढील ‘तिष्ठतः’ हें वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. कवि विराजमान असलेल्या राजाविषयीं बोलतो, दिवंगत राजाविषयीं नव्हे.

शकाचा निर्णय असा निःसंशय होतो. निर्मात्याच्या आडनांवाचा तसा होत नाहीं. संस्कृत लेखांत तो ‘हीराजि’ आहे. पायरीवरील मराठी ओळींत सेवेस तत्पर हिरोजी म्हणून त्याचें नांव आहे. परंतु पुढील शब्द कोणी ‘इंदुलकर’ वाचतात, कोणी ‘इटळकर’. मीं अनेक वर्षें छापील पाठावरून एकच वाचन शिकविलें. निवृत्तीनंतर पायरीपाशीं बसून अक्षरें लावूं लागलों, तेव्हां दुसऱ्याच अक्षरावर अडलों व पूर्वीचा आग्रह सोडून दिला. छापील पाठ एकावरून दुसरा उतरत जातो; दहा ग्रंथांत तेंच वाचन आढळलें तरी साक्षी एकच असूं शकतो.

मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यांत गडावरील वाडे जळाले. लांकूड गेलें, दगड राहिला. पण कोंकणचा पाऊस व यात्रेकरूंचीं पावलें दगडासहि सोडीत नाहींत. यास्तव ज्यांच्या संग्रहीं या पायरीचा जुना ठसा, छायाचित्र किंवा हातची नक्कल असेल, त्यांनीं तिचा काळ नमूद करून ती उजेडांत आणावी. ज्यानें स्वतःचें नांव पायरीवरहि कोरविलें, त्याचें नांव तरी शुद्ध वाचणें हें आपलें कर्तव्य आहे.