व्हिडिओ गेमचा दुसरा भाग

नाटकाचा प्रेक्षक पुढच्या नाटकालाहि प्रेक्षकच असतो. व्हिडिओ गेमचा दुसरा भाग हातीं घेणारा खेळाडू मात्र पहिल्या भागानें तरबेज झालेला असतो. मग खेळ नुसता अधिक अवघड करावा काय? क्योतो येथील निन्टेंडो कंपनीनें १९८६ सालीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग असाच काढला. रूप तेंच, अडचणी अधिक, शिवाय विषारी अळंबीं! कंपनीच्या अमेरिकन शाखेला तो फारच कठीण वाटला. तिकडे १९८८ सालीं त्या नांवानें निराळाच खेळ विकण्यांत आला.

याच कंपनीनें २०२३ सालीं ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ काढला, तेव्हां २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधील हायरूलचें राज्य, त्याच डोंगरनद्यांसह, पुन्हां खेळाडूपुढें ठेवलें. वर तरंगतीं बेटें व खालीं काळोखें पाताळ जोडलें खरें. तरी एवढ्यानें ती शिळ्या कढीला ऊत आणण्याचीच गोष्ट ठरली असती. खरी मौज नायकाच्या हातांत आहे. लिंक आतां फळ्या, चाकें, पंखे एकमेकांना चिकटवूं शकतो. पूर्वीं जी नदी पोहतां पोहतां दमछाक होई, तिच्यावर कोणी ओंडक्यांचा पूल टाकतो, कोणी पंखा लावून तराफा हाकतो. पूल वेडावांकडा झाला तरी पलीकडे पोंचलें कीं झालें; खेळ मुळींच नाक मुरडीत नाहीं. गुहेच्या छतांत शिरून थेट वर जमिनीवर निघण्याची विद्याहि त्याला साधते. नवख्याला यांत गंमत वाटेल. पण पहिल्या भागांत जो पावसांत घसरत घसरत तोच कडा चढला होता, त्याचा आनंद कांहीं और!